शाळेच्या टाकीतलं पाणी

मासे पाळणारा माणूस शांत स्वभावाचा असतो, असा लोकांचा समज आहे. माझ्या घरी आजही एक टाकी आहे. पाहुणे तिच्यासमोर बसतात आणि म्हणतात, किती बरं वाटतं हो बघून. मी मान डोलावतो. मला बरं वाटत नाही. त्या काचेसमोर बसलं की मला राग येतो, आणि तो राग विझू नये म्हणूनच मी टाकी ठेवली आहे, असं माझी बायको म्हणते. तिचं बहुधा बरोबर आहे.

मी तेव्हा गिरगावातल्या एका शाळेत शिपाई होतो. राहायला परळला, गिरणीच्या चाळीत, वडील आणि बायकोबरोबर. शाळेत माझं काम प्रयोगशाळेत. परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक आणायचे, बर्नर पुसायचे. मी मॅट्रिक पास होतो आणि प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा दोन वर्षं रिकामी होती. ते कामही मीच करत होतो. फक्त त्या जागेवर माझं नाव नव्हतं, आणि शिपायाच्या जागेवरही मी हंगामीच होतो. वर्ष संपलं की मुख्याध्यापकांच्या दारात उभं राहायचं, पुढच्या वर्षी ठेवणार का म्हणून विचारायचं.

वडील गिरणीत रिंग खात्यात होते, सूत कातायला. सगळा जन्म रिंग खात्यातच गेला. विणकाम खात्यात मजुरी जास्त आणि मानही जास्त, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत. मागाच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागायचा, आणि आमच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? वडील हे अगदी सहज सांगत, जसं कुणी सांगावं की अमुक ठिकाणी सावली नाही. मला ते सहज ऐकता यायचं नाही. ते म्हणायचे, तुझं डोकं लवकर तापतं, तू आईवर गेलायस.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. फाउंटनचा गोळीबार होऊन गेला होता आणि सगळं शहर आतून धुमसत होतं. आमच्या शाळेची शिक्षक-खोली म्हणजे सभेचं मैदानच. मधल्या सुट्टीत चहा आला की भाषणं सुरू. आपण सगळे एक, भाषा एक, रक्त एक, मुंबई कुणाच्या बापाची नाही. चहा आणणारा शिपाई सगळ्यांना पांढरे कप द्यायचा. माझा कप खिडकीत असायचा, कान तुटलेला. तो माझाच आहे असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी कामाला लागलो त्या दिवशी तो खिडकीत होता आणि चहा त्यात ओतला गेला, एवढंच. रक्त एक, भाषा एक, कप मात्र दोन.

आणि तरीही मी मोर्च्यांना जायचो. मुंबई माझीही होती. माझ्या वडिलांनी तिचा कापूस छातीत भरून घेतला होता.

अशाच एका मोर्च्यात आमचे विज्ञानाचे सर माझ्याबरोबर होते. तिशीतले, सडसडीत, घोषणा देताना गळ्याच्या शिरा फुगायच्या. ठाकुरद्वारला अश्रुधूर सुटला तसे आम्ही दोघं एका इमारतीच्या जिन्याखाली शिरलो. सरांना दिसेना. मी तिथल्या नळावर माझा रुमाल भिजवून त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो डोळ्यांवर, तोंडावर दाबून धरला. परत परत भिजवून मागितला. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू नसतास तर आज आंधळा झालो असतो. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी जीव टाकायला तयार होतो. हे आज लिहितानासुद्धा माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या चाळीने धम्म घेतला. वडिलांनी घरातले देव स्वतःच्या हाताने बाहेर काढले. मी शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, उत्तम केलंस, आता प्रश्नच मिटला. मला वाटलं, मिटला.

टाकीची कल्पना सरांचीच. त्यांच्याकडे एक परदेशी पुस्तक होतं, त्यात एका काचेच्या पेटीचं रंगीत चित्र होतं. तळाशी वाळू, हिरवीगार झाडं आणि त्यातून फिरणारे मासे. पाण्यातली बागच. आपल्या शाळेत अशी पेटी हवी, असं त्यांनी मनावर घेतलं. शाळेला देणग्या देणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, विश्वस्त मंडळात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या हस्ते उद्घाटन करायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, टाकी नीट उभी राहिली, मंडळाने बघितली, की तुझ्या जागेचा विषय मी मांडतो. मी धावतच खाली आलो.

चिंचपोकळीच्या एका कारखान्यात मी लोखंडी अँगलची चौकट करून घेतली. तिच्यात काचा बसवायला खडूची भुकटी आणि अळशीचं तेल मळून लांबी केली आणि खोबणीत अंगठ्याने दाबून भरली. ती सुकायला तीन आठवडे दिले. सर रोज विचारायचे, झालं का? मी म्हणायचो, थांबा. वाळू इतक्या वेळा धुतली की बायको म्हणाली, तांदूळसुद्धा कुणी एवढे धूत नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशांना सोसत नाही, म्हणून मागच्या व्हरांड्यात दोन पिंपं भरून ठेवायची, दोन दिवस उघडी राहू द्यायची आणि मगच ते पाणी टाकीत घालायचं. ही पिंपं मी कायम भरलेली ठेवत असे. झाडं ठाण्याच्या एका तळ्यातून आणली, रिबिनीसारख्या लांब पानांची.

राहिले मासे. सरांना दुकानातले लाल मासे हवे होते. पण आमच्या चाळीत तळमजल्यावर एक खलाशी राहायचे, आफ्रिकेच्या बोटीवर. मी त्यांना सहज बोललो आणि पुढच्या खेपेला ते मोंबासाहून रॉकेलच्या डब्यात मासे घेऊन आले. बंदराबाहेरच्या कुठल्याशा ओढ्यातले. वाटेत निम्मे मेले होते, नऊ जिवंत होते. बोटभर लांब, मळकट. सर म्हणाले, हे कसले मासे, हे तर आपल्या डबक्यातलेही असतील. पण टाकीत चार दिवस काढल्यावर त्यातले नर उजळले. अंगावर निळी-सोनेरी झाक, आणि पोटाखालच्या परावर टोकाला एक नारिंगी ठिपका, कुणी कुंचल्याने टेकवल्यासारखा. मग सरच वर्गावर्गात सांगत फिरले, आपल्याकडे आफ्रिकेचे मासे आलेत. ह्या जातीला सिक्लिड म्हणतात, हे त्यांनीच पुस्तकात बघून मला सांगितलं.

पुस्तकात एक गोष्ट मात्र नव्हती. हे मासे झाडं उपटतात. सकाळी यावं तर सगळी बाग पाण्यावर तरंगतेय आणि मोठा नर मधोमध खड्डा खणून ऐटीत उभा, जमीनदारासारखा. सर हसून म्हणाले, तुझ्या पाहुण्यांना बागकाम नको आहे. मी परत लावली. परत उपटली. चौथ्या वेळी मी त्या नराला चारचौघांत म्हणता येणार नाही असं बोललो. मग कफ परेडच्या कोळ्यांकडून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणली, प्रत्येक रोप फुटक्या कुंडीच्या खापरीला बांधलं, वर वजन, वर दगड. आणि नराला खणायला एक कोपरा मोकळा सोडला. त्याला तेवढंच हवं होतं. आपला कोपरा मिळाल्यावर त्याने बाकीच्या बागेला तोंड लावलं नाही.

खायला घरून जवळा कुटून न्यायचो. बायको तो खलबत्त्यात बारीक करून पुडीत बांधून द्यायची. म्हणायची, सासऱ्यांना एवढं निवडून कुटून कधी दिलं नाही मी.

उद्घाटनाच्या पंधरा-वीस दिवस आधी एक मादी खाईना. हनुवटीखाली फुगली होती, तोंड घट्ट मिटलेलं. नर तिला पिटाळत होता, म्हणून मी तिला लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून घरी आणलं. बायकोने बघितलं आणि म्हणाली, हिला गालगुंड झालंय, चुन्याचं बोट लावा. वडीलही उठून बघून गेले. दहा-बारा दिवस ती मादी उपाशी राहिली. डोकं मोठं आणि अंग काटकुळं दिसायला लागलं. मग एका सकाळी बायकोने मला हाक मारली. बरणीत मादीच्या तोंडासमोर बारीक पिल्लांचा थवा होता, जिऱ्याएवढी एकेक. बायकोने वाकून बघितलं तशी तिची सावली पडली आणि सगळी पिल्लं एका झटक्यात आईच्या तोंडात शिरली. आईने तोंड मिटलं. बरणीत परत एकटा मासा.

वडील बराच वेळ बरणीसमोर उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "तोंडात धरून जगवते बघ." एवढंच. मला विणकाम खात्यातला धोटा आठवला आणि मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

उद्घाटन सोमवारी दुपारी साडेचारला होतं. शनिवारी शाळा अर्धी. सगळी तयारी झाली होती. टाकीतलं पाणी असं नितळ की काच आहे की नाही कळू नये. बाकीचे आठ मासे मजेत. झाडांनी मूळ धरलं होतं. सर आले, टाकीभोवती फिरले आणि मला म्हणाले, खूप राबलास, आज तू लवकर जा, कुलूप मी लावतो. मला भरून आलं. परळपर्यंत मी सरांचे गुण आठवत गेलो.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि वास आला. आंबलेला, गोठ्याचा. टाकीतलं पाणी पांढुरकं, धुवणासारखं. वर तुपाचे पिवळे डोळे तरंगत होते. पानांवर दह्याचे कण चिकटलेले. वाळूवर शेणातल्या काड्या. आणि त्या सगळ्यामध्ये आठही मासे उताणे, तोंडं उघडी. मोठा नर स्वतःच्या कोपऱ्यात पडला होता. त्याची निळाई गेली होती, नारिंगी ठिपका तेवढा तसाच होता. बाजूच्या मोरीत तांब्याचा तांब्या पालथा, त्याला दर्भाची काडी चिकटलेली.

मला काही शोधावं लागलं नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस होतो आणि ह्या देशात वाढलेला होतो. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. पंचगव्य. मी स्पर्श केलेलं पाणी कुणीतरी शुद्ध करून घेतलं होतं. तांब्याभर. बंद खोलीत, शनिवारी दुपारी, आणि मग अख्खा रविवार ते पाणी नासत राहिलं. कुलूप सरांनी लावलं होतं.

मेल्या माशांचं दुःख नंतर झालं. आधी आठवला तो रुमाल. ठाकुरद्वारच्या जिन्याखाली माझ्या हातचं पाणी डोळ्यांत चाललं होतं, तेव्हा कुठे होतं पंचगव्य?

सर आले तसं मी विचारलं, काय ओतलंत? ते आधी म्हणाले, कुठे काय. मी तांब्या उचलून टेबलावर ठेवला. मग खुर्चीत बसून, खालच्या मानेने, त्यांनी सांगितलं. बाई जुन्या वळणाच्या आहेत. उद्घाटनाला जलपूजन करणार, ते पाणी डोळ्यांना लावणार. उद्या त्यांना कुणी सांगितलं की टाकी कुणी भरली, तर? त्यांच्या मनात किंतु नको. म्हणून पूजेच्या गुरुजींकडून आणून थोडंसं घातलं. माझं काही नाही रे, मी हे मानत नाही, तुला ठाऊक आहे.

नववीच्या वर्गाला हा माणूस शिकवायचा, पाण्यात प्राणवायू कसा विरघळतो आणि सेंद्रिय पदार्थ कुजले की तो कसा संपतो. तो धडा शिकवताना लागणाऱ्या बाटल्या मीच मांडून द्यायचो.

इतक्यात मुख्याध्यापक आत आले. त्यांनी टाकी बघितली आणि माझ्यावरच उसळले. काय घातलंस ह्यात? शनिवारपर्यंत ठीक होतं ना? मी सरांकडे बघितलं. नुसतं बघितलं. मला वाटलं, आता हे बोलतील. एक वाक्य पुरे होतं. सरांनी टेबलावरचं हजेरीपुस्तक उघडलं आणि त्यात बघत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, साडेचारला मंडळ येतंय. तोवर ह्यात जिवंत मासा दिसला नाही तर तुझ्या जागेचं विसर, आणि निष्काळजीपणाचा मेमो निघेल तो वेगळा. दार आपटून ते गेले.

आता खोलीत आम्ही दोघंच होतो. सर उठून जवळ आले. त्यांना माझ्या घरची बरणी माहीत होती, मीच हौसेने सांगितलं होतं. म्हणाले, ती मादी आण, पिल्लं आण, निभावून नेऊ. मंडळात तुझ्यासाठी मी स्वतः बोलेन. मी म्हणालो, आणतो, पण आधी वर जाऊन सांगा की मासे कुणी मारले.

"हे बघ," सर हळू आवाजात म्हणाले, "आत्ता ही वेळ एकीची आहे. असले विषय काढले की आपल्यातच फूट पडते. राज्य मिळू दे एकदा, मग हे सगळं आपण बघू."

मला आयुष्यात पुष्कळ शिव्या पडल्या. गावाकडे पडल्या, गिरणीच्या फाटकावर पडल्या. ह्या वाक्याएवढी कुठलीच लागली नाही. एकीसाठी गप्प बसायचं ते आम्हीच. मार खायला एक, घोषणेला एक, तुरुंगाला एक, आणि तांब्याभर पाण्याची गोष्ट आली की फूट. मी टोपी उचलली आणि ट्राम पकडली.

घरी वडील होते, त्यांची दुसरी पाळी होती. मी सगळं सांगितलं. बायको तोंडाला पदर लावून ऐकत होती. मी म्हणालो, मी नाही नेत मासे, गेली ती जागा खड्ड्यात. वडिलांनी जेवण पुरं केलं, हात धुतले. मग त्यांनी स्वतः बरणी उचलून माझ्या हातात दिली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "जागा सोडू नको. मी सोडलेली, बघतोस ना. पण मासा त्यांच्याकडे ठेवू नको."

वडिलांनी काय सोडलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. कधीतरी विणकाम खात्याचं दार ठोठावलं असेल आणि मग ठोठावणं सोडलं असेल. बरणी मांडीवर घेऊन मी ट्राममध्ये बसलो. धक्का बसला की पिल्लं आईच्या तोंडात जायची, गाडी थांबली की बाहेर यायची.

दुपारी मी टाकी रिकामी केली. मेलेले मासे शाळेच्या बागेत पुरले. पानापानावरचं तूप वर्तमानपत्राने टिपलं, वाळू उपसून धुतली, झाडं परत खापऱ्यांना बांधली. आणि पिंपातलं पाणी बादलीने आणून ओतायला लागलो. घड्याळात अडीच वाजले होते. सर दारात उभे होते. मग ते पुढे झाले आणि माझ्या हातातली भरलेली बादली त्यांनी घेतली. पुढच्या दहा-बारा बादल्या आम्ही दोघांनी ओतल्या, एकाने भरायची, दुसऱ्याने ओतायची. स्वतःची मान अडकली होती तेव्हा सरांना बादलीला हात लावायला काही अडचण आली नाही. टाकी तीन चतुर्थांश भरली. नंतर मी मादीला सोडलं.

साडेचारला मंडळी आली. बाई काठी टेकत आल्या, पांढरं लुगडं, जाड चष्मा. नारळ फुटला. टाकीला हळदीकुंकवाची बोटं लागली, बाहेरून. मादी झाडाआड उभी होती आणि पिल्लं तिच्यासमोर. बाई काचेजवळ वाकल्या तशी ती सगळी सरकन तिच्या तोंडात गेली. खोलीत हाय हाय झालं. बाई म्हणाल्या, "अगबाई, खाल्लीन की पोरं."

खाल्ली नाहीत, लपवली, असं मी मागून सांगितलं. बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. परत काचेकडे बघितलं. थोड्या वेळाने पिल्लं बाहेर आली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

पूजेची वेळ आली. बाईंनी पाण्यात बोटं घालायला हात पुढे केला, आणि सर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाई, पाणी शुद्ध करून घेतलंय."

बाईंनी चष्म्यातून त्यांच्याकडे बघितलं. "कशाला?" त्या म्हणाल्या. "मी कुठे काय सांगितलं होतं?"

मुख्याध्यापकांना कशाचाच पत्ता नव्हता, ते हसतमुख उभे. मला तेव्हा कळलं की बाईंनी मागितलं नव्हतं, गुरुजींनी सुचवलं नव्हतं, मंडळाला माहीत नव्हतं. कुणीही न सांगता, ज्या माणसाने माझा रुमाल डोळ्यांवर धरला होता, त्याने आपणहून माझं पाणी धुवून काढलं होतं.

मी पुढे झालो. आवाज चढवला नाही. म्हणालो, "बाई, हे पाणी आज दुपारी मी भरलंय. ह्यात काही घातलेलं नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, बोटं पाण्यात बुडवली आणि डोळ्यांना लावली. आणि मग पदराने हात पुसला.

ओला हात कुणीही पुसतं. मी स्वतः दिवसातून दहा वेळा पुसतो. पण इतकी वर्षं झाली, त्या म्हाताऱ्या बाईने पदराने पुसलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पाणी पुसलं की मी? बाई कदाचित चांगल्या असतील. मला साधं चांगलं माणूससुद्धा चांगलं म्हणून बघता येऊ नये, ही खोड माझ्यात ज्यांनी घातली, त्यांचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

दोन महिन्यांनी जागेचं पत्र आलं. प्रयोगशाळा सहाय्यक, कायम. सरांनी मंडळात माझ्यासाठी शब्द टाकला होता, तेवढं वचन त्यांनी पाळलं. त्याच आठवड्यात मेमोही आला. टाकीतील मासे निष्काळजीपणामुळे मृत झाले, पुन्हा असे घडू नये. तो कागद माझ्या सेवापुस्तकात लागला आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता. सर वर जाऊन ते एक वाक्य कधीच बोलले नाहीत. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, आम्ही रस्त्यात नाचलो, मीही नाचलो. खिडकीतला कप नव्या राज्यातही वर्षभर खिडकीतच होता. मग एक दिवस मीच तो फोडला आणि कुणी विचारलं नाही.

वडिलांचं मी ऐकलं होतं. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी काचेवर हात आपटला. पिल्लं आईच्या तोंडात शिरली, मी मादीला ओंजळीत उचलून बरणीत घेतलं आणि सगळं घर एका फेरीत परळला आणलं. आज माझ्याकडे आहेत ते तिचेच वंशज.

शाळेची टाकी मी सव्वीस वर्षं सांभाळली. काच लख्ख, पाणी नितळ, झाडं पार वरपर्यंत गेलेली. उपटायला कुणी नव्हतं. मासा मात्र मी त्यात परत सोडला नाही. मुख्याध्यापक बदलले, मंडळं बदलली, शेवटी सरच मुख्याध्यापक झाले. दर वर्षी कुणीतरी पाहुणा टाकीसमोर थांबायचा आणि विचारायचा, इतकी सुंदर बाग, मग मासे का नाहीत? सर शेजारी उभे असायचे, आणि मी त्यांच्याकडे बघत उत्तर द्यायचो.

"ह्या शाळेच्या पाण्यात मासे जगत नाहीत."